बावीस मिनिटांचा समुद्र

“आला,” मी म्हटलं.

“सात वाजून पाच मिनिटं,” खालून ह्यांनी सांगितलं.

समोर पाण्यातून सूर्याची केशरी कड नुकती कुठे वर आली होती. मी मांडीवरचं कॅलेंडर उघडलं. आमच्या देवगडच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर ते. वन्संना समुद्रातही एकादशी कधी ते कळायला हवं होतं, म्हणून निघताना भिंतीवरून काढून पिशवीत टाकलेलं. त्यावर दुधाचे खाडे मांडलेले, सिलिंडर कधी लावला ते लिहिलेलं. आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात, एरवी कुणी वाचत नाही अशा बारीक अक्षरांत, मुंबईचा सूर्योदय. त्या दिवशीचा सहा त्रेचाळीस.

सात पाचातून सहा त्रेचाळीस गेले, उरले बावीस.

“किती?” ह्यांनी विचारलं.

“बावीस.”

“काल किती होते?”

“बावीस.”

“नि परवा?”

मी पेन्सिल कानावर खोचली. परवाही बावीसच होते. तेरवाही. म्हणजे माझ्या गणिताप्रमाणे आमची बोट अरबी समुद्रात एकाच जागी उभी होती. ह्यांच्या हाताची सूज मात्र थांबायला तयार नव्हती. ती रोज दोन-दोन बोटं वर सरकत होती.

ह्यांचं नाव रमाकांत कुबल. मोठ्या जहाजांवर इंजिनियर म्हणून सव्वीस वर्षं काढली आणि सगळा वेळ मनात शिडाची बोट बाळगली. निवृत्त झाल्यावर कळलं की ओमानात सलालाला एका स्वीडिश म्हाताऱ्याला आपली तीस फुटी बोट काढून टाकायची आहे. झालं. बोट तिथून देवगडला आणायची, तीसुद्धा वाऱ्यावर, असं ठरलं. नाव आधीच ठरलं होतं, सुरंगी. रंगाचा डबाही घेतलेला.

आता गंमत अशी की इंजिनच्या खोलीतून समुद्र दिसत नाही. सव्वीस वर्षं समुद्रावर काढून ह्यांना वाट काढता येत नव्हती. ती शिकले मी. अकरावीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. माळ्यावर ह्यांच्या कुणा सहकाऱ्याचं जुनं पुस्तक होतं, नौका कुठे आहे ते कसं ओळखायचं त्याचं. शेजारी शब्दकोश ठेवून दोन पावसाळे मी ते वाचलं. गच्चीवर जाऊन सेक्स्टंट डोळ्याला लावायची. सेक्स्टंट म्हणजे सूर्य किती वर आलाय ते मोजायचं पितळी यंत्र. समोरच्या शिरसाटबाई त्यांच्या सुनेला म्हणायच्या, “वैजयंतीला डोळ्याचं काहीतरी झालंय.”

तिसरं माणूस वन्सं. ह्यांच्या थोरल्या बहीण, शालन. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि माझं लग्न झाल्यापासून आमच्याच घरी. मला वाटलं होतं, जन्मात एकदा नवराबायको दोघंच कुठेतरी जाऊ. बेत ऐकून वन्संनी भाजी निवडता निवडता विचारलं, “तुम्ही दोघं बुडालात तर मी इथे कुणासाठी स्वयंपाक करू? मीही येते.” आणि पिशवीत कॅलेंडर, स्तोत्रांचं पुस्तक आणि स्वयंपाकघरातलं गोल घड्याळ भरलं. घड्याळाशिवाय घर वाटत नाही म्हणाल्या. मी हो म्हटलं. पण आठ दिवस मी त्यांच्याशी जरा बेताचंच बोलले, हेही खरं.

नऊ दिवस झकास गेले. दहाव्या दिवशी एक आडवी लाट दारातून सरळ आत आली. जीपीएसचं यंत्र, बिनतारी, ट्रान्झिस्टर, ह्यांचं नि माझं मनगटी घड्याळ, सगळं एका घोटात गेलं. माझ्या आकडेमोडीच्या पुस्तकाचा लगदा झाला. इंजिनात पाणी शिरलं ते शिरलंच. वाचलं ते वन्संचं घड्याळ, कारण त्यांनी ते स्टोव्हच्या वर, अगदी छताला लागून टांगलं होतं. आणि कॅलेंडर.

उत्तर-दक्षिण किती ते दुपारी सेक्स्टंटने काढता येतं, त्याला घड्याळ लागत नाही. पूर्व-पश्चिमेचं मात्र घड्याळाशिवाय काही खरं नाही. तेव्हा मला ते कॅलेंडरचं सुचलं. सूर्य मुंबईहून चार मिनिटं उशिरा दिसला, तर आपण मुंबईच्या एक अंश पश्चिमेला. एक अंश म्हणजे तिथे सत्तावन्न मैल. मार्चअखेर होती, दिवसरात्र सारखी, त्यामुळे उत्तर-दक्षिणेने फारसा फरक पडत नव्हता. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, माझंच होतं. पहिल्यांदा आकडा जुळला तेव्हा ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला एकदम नवी साडी नेसल्यासारखं झालं.

बाराव्या दिवशी कुपा मासा गळाला लागला आणि ओढताना गळ ह्यांच्या तळव्यात गेला. काढला, धुतला, बांधला. दोन दिवसांनी हात पावासारखा फुगला. पेटीतल्या गोळ्या सुरू केल्या. ताप चढला तसे हे आडवे झाले, आणि रात्रीच्या पाळ्या आम्हा दोघींवर आल्या. नऊ ते एक मी सुकाणूवर, एक ते पाच वन्सं. पाचला मी पुन्हा वर यायची नि वन्सं झोपायच्या. पहिल्याच रात्री त्या दहा मिनिटं आधी वर आल्या.

“जा, पड जरा,” म्हणाल्या.

“वन्सं, घड्याळात एक वाजल्याशिवाय मी हलायची नाही,” मी म्हटलं. “पाळी म्हणजे पाळी.”

त्या परत खाली गेल्या आणि एकच्या ठोक्याला आल्या.

त्या पाळ्या सुरू झाल्या त्या दिवशी सकाळी आकडा होता बावीस. म्हणजे देवगड साडेतीनशे मैल. रोजचे सत्तर मैल धरले तर पाच दिवस. गोळ्या चार दिवसांच्या उरल्या होत्या, पण एक दिवस निभेल म्हणून मी खूश होते. त्यानंतर रोज सकाळी बावीस.

आणि आज चौथी सकाळ.

वन्सं साडेनऊला उठून वर आल्या. नऊवारीचा काष्टा, त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट आणि डोक्याला टॉवेल. “काय म्हणते तुझं पितळी यंत्र? किती राहिलं?”

वन्संना मी नेहमी मैलांत सांगायची. गणिताचं नाव काढलं की त्या कानावर पदर घेत. आपल्या वर्गातल्या मुलींची टक्केवारीसुद्धा त्या दुसऱ्या बाईंकडून काढून घ्यायच्या.

“साडेतीनशे.”

“काल साडेतीनशे होतं ना?”

“हो.”

त्या मागे वळून बोटीच्या पाठीमागे पाण्यात उमटणारी रेघ बघत उभ्या राहिल्या. “पाणी मागे जातंय ते मला दिसतंय, वैजू. बोट चाललीय.”

“उलटा प्रवाह असेल.”

“तू चाललेली असतेस तेव्हा पायाखालची जमीन मागे जाते. तसंच आहे हे.”

“समुद्र म्हणजे जमीन नाही, वन्सं.”

“नसेल. मी आपली दिसतं ते बोलते. तुझी अकरावी झालीय.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. स्वयंपाकघरात मीठ जास्त झालं तरी ते निघायचं. एरवी मी हसून सोडून द्यायची. त्या दिवशी ते आत जाऊन बसलं, कारण मला स्वतःलाच खात्री नव्हती. माळ्यावर बसून शब्दकोशातून शिकलेली विद्या. चुकत असेल तर सांगणार कोण?

दुपारी ह्यांच्या हाताची पट्टी सोडली. सूज कोपराच्या वर गेली होती आणि आतल्या बाजूने एक लाल रेघ काखेकडे निघाली होती. वन्संनी मिठाच्या गरम पाण्यात फडकं पिळलं, शेकलं, नवी पट्टी बांधली. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पट्टीवर एक माशी येऊन बसली ती त्यांनी हाकलली.

“माशी कुठून आली गो ही?” ह्यांनी विचारलं.

“सलालाच्या खजुरातून आली असेल,” मी म्हटलं.

“अठरा दिवस लपून बसली होती?” वन्संनी विचारलं. “समजूतदार दिसते.”

हे हसले आणि हसता हसता डोळे मिटले. संध्याकाळी शेवटची गोळी दिली.

पाचव्या सकाळी आकडा आला तेवीस.

मी पुन्हा वजाबाकी केली. सात पाच, सहा बेचाळीस. तेवीस. म्हणजे जागच्या जागीही नाही, आम्ही चक्क मागे गेलो होतो. मी खाली उतरले. हे टक्क जागे होते.

“तेवीस,” मी म्हटलं.

“या समुद्रात मार्चमध्ये असा प्रवाह नाही,” हे हळूहळू, एकेक शब्द उचलून बोलत होते. “मी इतकी वर्षं... दिवसाला सत्तर मैलांचा प्रवाह कुठे असतो का? गणित बघ.”

“दहादा बघितलं.”

“मग बोट भलतीकडे जातेय. कधीतरी. आपल्याला कळत नाही तेव्हा.”

आपल्याला कळत नाही तेव्हा. मी ते मनात घोळवत वर आले. दिवसा सुकाणूवर बहुतेक मीच असायची. रात्री नऊ ते एक मीच. राहिले कोणते तास?

वन्सं उठून आल्या तेव्हा मी वाटच बघत होते.

“वन्सं, एक विचारू?”

“विचार.”

“रात्री तुमच्या पाळीत तुम्हांला डोळा लागतो का?”

त्या पाण्याची बाटली तोंडाला लावणार होत्या, ती खाली घेतली. “म्हणजे?”

“म्हणजे लागत असेल तर सांगा. अठ्ठावन्न वर्षांच्या आहात, कुणी काही म्हणणार नाही. पण तुम्ही तिथे डुलक्या घेणार, बोट तोंड फिरवून उलटी जाणार, आणि दिवसभर मी आणलेलं सगळं रात्रीत वाया. पाच दिवस एका जागी आहोत आपण. ह्यांची गोळी कालच संपली. तुम्हांला कळतंय का काय होतंय ते?”

मी इतकं बोलणार नव्हते. पण ते वर्षानुवर्षांचं साठलेलं होतं, आणि त्यात मीठ जास्त झाल्याचेही काही दिवस होते.

वन्संनी बाटलीचं झाकण लावलं. “मी झोपत नाही, वैजू,” एवढंच म्हणाल्या. “माझ्या झोपेचं काय घेऊन बसलीस?”

खाली जाऊन त्यांनी भात लावला. ह्यांना भरवला. माझं ताट वर आणून दिलं. लोणच्याची फोड माझ्या ताटात दोनदा होती, त्यांच्या ताटात नव्हती. आम्ही दोघी त्या तीस फुटांत दिवसभर एकमेकींना चुकवत वावरलो. कसं जमलं कोण जाणे. घरात चार खोल्या असून जमत नसे.

दुपारी मी ह्यांच्यापाशी बसून ठरवलं. अजून एक सकाळ बघायची. आकडा खाली आला नाही तर देवगडचा नाद सोडून सरळ उत्तरेला वळायचं. तिकडून आखाताची मोठी जहाजं मुंबईला जातात. त्यांच्या वाटेवर जाऊन धोक्याचे लाल बाण सोडायचे. कुणी थांबलं तर माणसं वर घेतील. बोट घेणार नाहीत.

“सुरंगी सोडायची?” हे म्हणाले.

“हात सोडायचा का मग?”

उजव्या हाताने त्यांनी शेजारची लाकडी भिंत एकदा चाचपली, बैलाची पाठ चाचपतात तशी. “बघ. तुझं गणित म्हणेल तसं.”

माझं गणित म्हणेल तसं. इतकं मोठं ओझं माझ्या त्या पेन्सिलीवर कुणी कधी ठेवलं नव्हतं.

त्या रात्रीही वन्सं एकच्या ठोक्याला वर आल्या. सुकाणू माझ्या हातून घेतलं. “जा,” म्हणाल्या. मी “हं” म्हटलं आणि गेले.

सकाळी मी कॅलेंडर घेऊन बसले. त्या दिवशी सूर्योदय सहा एक्केचाळीस. दिवस उजाडला तसं पूर्वेला तांबडं झालं, मग पिवळं, मग इतकं पांढरं की डोळे बारीक करावे लागले. समुद्रावर मार्चातलं ते धुरकट पांघरूण होतं. मी त्या उजळ पट्टीच्या मधोमध नजर लावली आणि कड वर यायची वाट बघू लागले.

“सात चार,” हे खालून बोलले. मग “सात पाच.”

कड आली नाही.

“सात सहा. वैजू?”

“थांबा.”

“सात सात. झोपलीस काय?”

“अहो, तो येत नाहीये.”

“कोण?”

“सूर्य.”

ताप माझ्या डोक्यात गेला असं त्यांना वाटलं असणार. मलाही क्षणभर तसंच वाटलं. सगळं आभाळ पेटलंय, पाण्यावर उजेड सांडलाय, आणि ज्या रेषेवर सूर्य यायचा ती रेषा मोकळी.

आणि मग तो आला. पण पाण्यातून नाही. पाण्याच्या बोटभर वर, मधल्या धुरकटातून, एक ठिणगी पेटल्यासारखा. वाढला तसा दिसलं की त्याची खालची कड सरळ नाही. ती दातेरी होती. कुणीतरी भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तशी. मी बघत राहिले. ते दाते हलत नव्हते. डावीकडे एक खाच, मग सपाट पठार, मग एक सुळका. सूर्य वर गेला तसं ते सगळं पुन्हा धुरकटात विरत चाललं, पण आता कुठे बघायचं ते मला माहीत होतं.

सूर्य कशाच्या तरी मागून आला होता.

“अहो,” मी म्हटलं. “अहो, वर या. येता येईल का तुम्हांला?”

आधी वन्सं उठल्या. त्यांनी ह्यांना काखेत धरून पायऱ्या चढवलं. हे दारातच बसले, दुखरा हात मांडीवर लहान मुलासारखा धरून, आणि मी बोट दाखवत होते तिकडे बघत राहिले. सव्वीस वर्षांत दुनियेतली बंदरं पाहिलेला माणूस. पण इंजिनच्या खोलीतून. असा किनारा येताना त्यांनी कधी पाहिला नव्हता.

“तो बघ,” ते म्हणाले. घरी आम्ही कुणी मालवणी बोलत नाही, त्यांची आई गेल्यापासून तर नाहीच. “तो बघ, आपलो डोंगर. ताई, तुका दिसता काय गो?”

“दिसता रे बाबा,” वन्सं म्हणाल्या आणि टॉवेलने नाक पुसलं.

मी कॅलेंडरवर नजर टाकली. सात सात, सहा एक्केचाळीस. सव्वीस. माझ्या गणिताप्रमाणे सह्याद्री अजून चारशे मैल लांब होता. मी कॅलेंडर मिटून त्यावर बसले.

अडीच-तीन तासांत पाण्याचा रंग बदलला, जाळ्यांचे तरंगते गोळे दिसू लागले, आणि धुरकटातून एक ट्रॉलर आमच्याकडे वळला. हिरवा, पुढे हार घातलेला. त्यावरचा एक दाढीवाला माणूस काष्ट्यातल्या वन्संकडे, माझ्याकडे, दारात बसलेल्या ह्यांच्याकडे बघून घेऊन ओरडला, “खंयसून इलास?”

“सलाला,” मी ओरडले.

त्याने आपल्या लोकांकडे पाहिलं. “खंय?”

“ओमान. माणूस आजारी आहे. देवगड किती राहिलं?”

“ह्या काय,” त्याने हात नुसता मागे केला, शेजारची गल्ली दाखवावी तसा. “दोन तास. दोर घेवा.”

दोर आला, बांधला. त्याच्या बिनतारीवर तो डॉक्टरांना बंदरावर थांबायला सांगू लागला. मी विचारलं, “किती वाजले हो?”

“नऊ चाळीस.”

मी खाली वाकून बघितलं. स्टोव्हवरचं घड्याळ दहा वाजून पाच मिनिटं दाखवत होतं.

“नक्की?”

“ओ बाई, रेडियोवर मिळवलंय सकाळी.”

पंचवीस मिनिटं. घड्याळ पुढे गेलं तर एखाद-दुसरं मिनिट जाईल. सेल उतरला तर मागे पडेल. हे मोजून पंचवीस मिनिटं पुढे कसं? मी पायऱ्यांवर बसले आणि पेन्सिल काढली, सवयीने. पहिल्या दिवशीचे बावीस खरे. नंतर रोज आम्ही पाच मिनिटांइतकं पुढे आलो, आणि रोज घड्याळ तेवढंच पुढे गेलं. पाच दिवस, पाच रात्री. म्हणून आकडा हलला नाही; शेवटच्या सकाळची जास्तीची मिनिटं तेवढी डोंगराची.

वन्सं अंथरुणं गुंडाळत होत्या. त्यांचे हात थांबलेले मला दिसले.

“वन्सं?”

“मला वाटलं, तुझं सगळं त्या पितळी यंत्रातून येतं,” त्या उशीकडे बघून म्हणाल्या. “ह्या घड्याळाचा त्याच्याशी काही संबंध आहे, हे मला कुणी सांगितलं होतं का?”

“काय केलंत तुम्ही?”

“पाचच मिनिटं गो रोज. तू सुकाणूवर असायचीस, हा झोपलेला. वर यायच्या आधी काटा जरा ढकलायचे.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे?” आता त्यांनी वर पाहिलं, आणि शाळेत एखाद्या मठ्ठ मुलीकडे बघत असतील तसं बघितलं. “तुझे डोळे बघितले होतेस का? दिवसभर तूच, रात्री तूच, पहाटे परत तूच. आधी वर आले तर म्हणालीस, घड्याळात एक वाजल्याशिवाय हलायची नाही. मग म्हटलं, घड्याळालाच सांगू. जास्त केलं असतं तर तुला कळलं असतं. पाच मिनिटं कुणाला कळत नाहीत. शनिवारी शाळेची घंटा मी तशीच द्यायला लावायचे.”

ट्रॉलरचं इंजिन सुरू झालं आणि दोर ताणला गेला. मी बोटांवर मोजत होते. मला मोजायचं नव्हतं, पण बोटं थांबेनात. मी त्यांना झोपाळू म्हटलं ते काल सकाळी. तोवर रात्री झाल्या होत्या चार. चार पंचे वीस.

“काल रात्रीसुद्धा?” मी विचारलं.

“काल रात्रीसुद्धा काय?”

“काटा ढकललात?”

“मग? काल काय तुझे डोळे बरे झाले होते?” त्यांनी गुंडाळीला दोरी बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, “त्याचा हात माझ्यामुळे... दोन दिवस आधी कळलं असतं तर...”

“आलो त्याच दिवशी आलो असतो, वन्सं. बोट तेवढीच चालत होती. तुम्हीच म्हणालात ना, पाणी मागे जातंय.”

हे खरं होतं. त्या घड्याळाने आम्हांला एक तासही उशीर केला नव्हता, फक्त मला पाच दिवस घाबरवलं होतं. आणि खरं तेही होतं, जे मी तेव्हा त्यांना सांगितलं नाही आणि आजही सांगितलेलं नाही. त्या सकाळी सूर्य पाण्यातून वर आला असता आणि घड्याळाने सव्वीस म्हटलं असतं, तर किनारा वीस-पंचवीस मैलांवर असताना मी बोट उत्तरेला वळवली असती.

देवगडच्या डॉक्टरांनी बंदरावरच हाताला चीर दिली, मग रत्नागिरीला पाठवलं. हात राहिला. करंगळीशेजारचं बोट पूर्ण मिटत नाही, तेवढंच. वाडग्यातून आमटी पिताना ते बोट ताठ राहतं आणि हे फार मोठ्या घरातले वाटतात.

इस्पितळात शुद्धीवर आले तसं पहिलं हेच विचारलं. “तुझं गणित चुकलं कुठे?”

वन्सं खाटेच्या पायथ्याशी संत्रं सोलत होत्या. सालीचा आवाज थांबला.

“हातचा धरायला विसरले,” मी म्हटलं.

“पाच दिवस?”

“पाच दिवस.”

ह्यांनी उशीवर डोकं टेकलं आणि खूप दिवसांनी पोट हलेपर्यंत हसले. वन्संनी संत्र्याची अर्धी फाक त्यांना दिली. उरलेलं अख्खं संत्रं माझ्या हातात ठेवलं आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

याला सोळा वर्षं झाली. सुरंगी खाडीत उभी असते, नाव दोनदा रंगवून झालं. घरी कुणी पाहुणे आले की हे हमखास सांगतात, “आमची हिची अकरावी. हातचा विसरली आणि अख्खा सह्याद्री चारशे मैल मागे ढकलला.” पाहुणे हसतात. मीही हसते. वन्सं अशा वेळी नेमक्या उठतात आणि चहा टाकायला आत जातात, चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत तरी. माझ्या कपात साखर थोडी जास्त पडते.

आणि ते घड्याळ परत स्वयंपाकघरात, त्याच खिळ्यावर आहे. रत्नागिरीहून घरी आलो त्या दिवशी वन्सं स्टुलावर चढल्या, घड्याळ उतरवलं आणि काटा मागे फिरवू लागल्या. पाच, दहा, पंधरा, वीस. मग माझ्याकडे वळल्या.

“बरोबर लावू ना?” त्यांनी विचारलं. त्या घरात इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारून केलेली ही पहिली गोष्ट.

“राहू द्या,” मी म्हटलं. “शेवटची पाच राहू द्या.”